हॉस्टेलमधला कॉम्प्युटर आणि अभ्यासाची जागा: या चुका टाळा

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबमध्ये एकही मशीन रिकामं नसतं, प्रिंटर कागद गिळून बसलेला असतो आणि वायफाय जोडलेलं दिसूनही एक पान उघडत नाही. अशा वेळी 'सर्व्हर डाउन आहे' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. पण हॉस्टेलमधलं मशीन, नेट, टेबल सगळं सामायिक असतं आणि आपण ते घरच्यासारखं वापरायला जातो, बऱ्याच अडचणी तिथेच सुरू होतात.

लॅबच्या डेस्कटॉपवर फाइल ठेवणं

बऱ्याच लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. मशीन रीस्टार्ट झालं की ते ठरवून ठेवलेल्या मूळ स्थितीत परत जातं. व्हायरस आला तरी टिकत नाही, म्हणून लॅबवाले निर्धास्त. पण त्याच फटक्यात तुम्ही दुपारभर खपून लिहिलेला रिपोर्टही जातो. तो रिसायकल बिनमध्ये सापडत नाही आणि लॅब असिस्टंटच्या विनवण्या करूनही सहसा परत येत नाही. अशा मशीनवर अनेकदा एखादा ड्राइव्ह किंवा नेटवर्क फोल्डर या सॉफ्टवेअरपासून मोकळा ठेवलेला असतो. तो कोणता, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. खात्री हवी असेल तर तिथे एक रिकामी फाइल ठेवा आणि मशीन रीस्टार्ट करून बघा.

दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर हवीच. जागा शिल्लक असूनही मोठी फाइल कॉपी होत नसेल, तर ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं. आतलं सगळं आधी दुसरीकडे हलवा, कारण फॉरमॅट करताना ते पुसलं जातं.

खिडकी बंद केली म्हणजे लॉगआउट झालं, असं समजणं

लॅबमध्ये नुसता मेल बघायचा होता, आणि तुम्ही ब्राउझरलाच स्वतःचं खातं जोडून ठेवलंत. सिंक (खात्यातली माहिती प्रत्येक मशीनवर सारखी ठेवणारी सोय) चालू असेल तर बुकमार्क आणि साठवलेले पासवर्डही त्या मशीनवर उतरतात. इनकॉग्निटो खिडकी वापरणं बरं, कारण तिच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या की लॉगिन राहत नाही. डाउनलोड केलेल्या फाइली मात्र तिथेच राहतात, त्या हाताने काढाव्या लागतात. खोलीवर आल्यावर आठवलं की लॉगआउट राहिलं, तर पुन्हा लॅब गाठायची गरज नाही. फोनवरून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा, उपकरणांची यादी उघडा आणि ते मशीन तिथूनच साइन आउट करा.

वायफायला सरसकट 'स्लो' म्हणणं

नेट येत नाही आणि नेट हळू आहे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. येतच नसेल तर आधी नेटवर्कच्या तपशिलात आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर तुमच्या मशीनची ओळख असलेला क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तुमच्या मशीनला नेटवर्ककडून पत्ताच मिळालेला नाही. वायफाय बंद करून पुन्हा जोडा. तरीही तसाच राहिला तर दोष नेटवर्कच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. पत्ता ठीक आहे पण लॉगिनचं पान येत नाही, तर व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं अॅप) आणि फोनमधला प्रायव्हेट डीएनएस (वेबसाइटचे पत्ते वेगळ्या सर्व्हरकडून शोधणारी सेटिंग) बंद करून बघा. ते चालू असले की ते पान अनेकदा अडतं.

हार्डवेअर पत्ता (मॅक अॅड्रेस, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून घेणाऱ्या हॉस्टेलांमध्ये आणखी एक गंमत होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन सेटिंग बदललं नसेल तर वायफायला खरा पत्ता देत नाहीत, त्या नेटवर्कपुरता तयार केलेला पत्ता देतात. तुम्ही 'फोनबद्दल'मधला पत्ता अर्जात लिहिता, नेटवर्कला दुसराच दिसतो, आणि अर्ज मंजूर होऊनही फोन जोडला जात नाही. त्या एका नेटवर्कसाठी ही पत्ता बदलण्याची सोय बंद करा.

सगळ्यात जास्त लोकांना त्रास देणारी चूक म्हणजे खोलीत स्वतःचा राउटर आणून भिंतीतली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (आपली उपकरणं जोडायच्या खाचेत) खोचणं. असा राउटर शेजारच्या खोल्यांनाही स्वतःचे पत्ते वाटू लागतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट जातं. शोध घेत वॉर्डन दारात येईपर्यंत त्या मुलाला पत्ताही नसतो की हा प्रताप आपला आहे. परवानगी असेल तरच राउटर लावा, आणि केबल वॅन पोर्टमध्येच (बाहेरून येणाऱ्या नेटच्या खाचेत) घाला.

हळू नेटचं कारण बहुतेकदा गर्दी असतं. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल (लहरींचे पट्टे) तीनच, १, ६ आणि ११. प्रत्येक खोलीतला हॉटस्पॉट त्यातच घुसतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतं. म्हणून व्हिडिओ लेक्चर खोलीच्या कोपऱ्यात अडखळतं आणि कॉरिडॉरमधल्या अॅक्सेस पॉइंटजवळ (वायफाय सोडणाऱ्या डबीजवळ) नीट चालतं.

प्रिंट शेवटच्या तासावर ठेवणं

दुसऱ्या मशीनवर तोच फॉन्ट नसेल तर वर्ड फाइलची पानं सरकतात, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला (तो फॉन्ट असेल तरच वाचता येणारा) मराठी मजकूर तर भलत्याच चिन्हांत दिसतो. पीडीएफ करूनच न्या. प्रिंट आली नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. ती सगळी कामं रांगेत साठतात आणि प्रिंटर सुरू झाला की एकाच्या जागी अनेक प्रती बाहेर पडतात.

गादीवर लॅपटॉप, अभ्यासिकेत गप्पा

गादीवर लॅपटॉपची हवेची भोकं बंद होतात, तो तापतो आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. 'लॅपटॉप म्हातारा झाला' म्हणण्याआधी तो तासभर टेबलावर चालवून बघा.

अभ्यासिकेत वही ठेवून जागा अडवायची आणि दोन तास फिरायचं, यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी परीक्षेवरूनही होत नसतील. गटाने प्रोजेक्ट करायचा असेल तर शांत अभ्यासिका सोडा, चर्चेची खोली आधी बुक करा; ती नसेल तर मेस बंद झाल्यावरची टेबलं किंवा रिकामा वर्ग मिळतो का ते विचारा. सॉकेट कमी म्हणून एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. सगळा भार पहिल्या बोर्डाच्या वायरवर येतो आणि ती तापते. लॅपटॉप खोलीवर पूर्ण चार्ज करून आणा आणि सॉकेटजवळची खुर्ची ज्याची बॅटरी संपत आली आहे त्याला द्या.