उचलून नेण्याआधी विचारा, घरी कोण येईल?

सासूबाईंना लकवा झाला त्याला तीन वर्षं झाली. इंदूरच्या रामबागेत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद. पहिल्या वर्षी साध्या रक्ततपासणीलाही त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवायचो. त्यांचे हाल बघवत नसत. खरं तर नमुना घ्यायला लॅबचा माणूस घरी येतो, फक्त फोन करावा लागतो.

आधी जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये जा, वस्तीत आशाताई असतील तर त्यांनाही गाठा. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहणं धरलेलं आहे, तेव्हा संकोच करू नका. नुसतं ‘आजी आजारी आहेत’ म्हणू नका. ‘उठता येत नाही, कूस बदलता येत नाही, लघवीची नळी अमुक तारखेला बदलली’ असं सांगा. मी हे सगळं एका वहीत लिहिते. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर व्हिडिओ कॉलवर भेटतात, पैसे लागत नाहीत. तेव्हाही वहीतले बीपी-शुगरचे आकडे कामी येतात. मात्र धाप लागली, तोंड वाकडं झालं, शुद्ध हरपली तर फोनवर बोलत बसू नका, 108 लावा.

वय 70 किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा. 2024च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न पाहता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच. घरची नर्स, डायपर, औषधं त्यात नाहीत, तो खर्च वेगळा धरा. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. बँकेत नेऊ नका.

आता जखमांबद्दल, कारण इथे माझ्याकडून चूक झाली. रात्रीसाठी नर्सिंग ब्यूरोतून बाई ठेवली आणि मी निर्धास्त झोपले. ती कूस बदलत नव्हती, मीही पाहिलं नाही. माकडहाडावर लाल डाग दिसला, बोटाने दाबला तरी फिका होईना. चौथ्या दिवशी कातडी फाटली. ती जखम भरायला पाच महिने लागले.

म्हणून दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी असली तरी बदला. ओढू नका, खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी उचला. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्या. लाल जागा चोळू नका, रबरी रिंगही नको, तिने कडेला दाब वाढतो. रोज अंग पुसताना माकडहाड, टाचा, खुबे उजेडात नीट पाहा.

रात्रीच्या पाळ्या आता वाटून घेतल्या आहेत: दोनपर्यंत हे, नंतर मी. रविवारी नणंद येते, तेव्हा मी सलग झोपते. तिला मी स्वतःहून सांगितलं, वाट पाहिली नाही. घरात दुसरं कोणीच नसेल तर ज्येष्ठांच्या 14567 या हेल्पलाइनवर सकाळी 8 ते रात्री 8 विचारता येतं.

जखमेची पट्टी बदलायला येणाऱ्या सिस्टरने एकदा सहज माझं बीपी पाहिलं, 160 निघालं. मला काही त्रास जाणवत नव्हता. तेव्हापासून कोणी मशीन घेऊन आलं की सासूबाईंचं झाल्यावर मी माझा हात पुढे करते. तुम्हीही करा, आणि तो आकडा त्याच वहीत लिहा.