म्युझिक व्हिडिओचा सराव करताय? कॅमेरा काढण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

म्युझिक व्हिडिओ बिघडलाय हे कळतं एडिटिंगला बसल्यावर, पण तो बिघडलेला असतो त्याच्या कितीतरी आधी. ओठ जुळत नाहीत, अंतऱ्याला क्लिपा कमी पडतात, चेहरा मध्येच पिवळा होतो, ट्यूबलाइटखाली पट्टे फिरतात. मग दोष सॉफ्टवेअरला, लॅपटॉपला आणि शेवटी रात्रभर जागणाऱ्या एडिटरला.

मूळ बहुतेक वेळा एकच असतं. या प्रकारात सगळं काही गाण्याच्या फाइलवरून मोजलं जातं: ओठ, पावलं, कट, कॅमेऱ्याची चाल. सेटवर एक फाइल वाजली आणि टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिपा लावतात त्या पट्टीवर) दुसरी आली, की पुढे कितीही हुशारी केली तरी ठिगळंच लावावी लागतात.

गाणं पक्कं न करता शूट

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ग्रुपमधल्या कोणीतरी चाल बांधलेली असते, व्हॉट्सअॅपवर रफ मिक्स येतो, उत्साहात रविवारी शूट उरकतं. बुधवारी ‘फायनल’ येतं. त्यात सुरुवातीला दोन सेकंदांचे नवे सूर असतात आणि टेम्पो मिनिटाला ९६ ठोक्यांवरून ९८ केलेला असतो, कारण संगीतकाराला गाणं ‘जरा रेंगाळतंय’ असं वाटलं. सुरुवातीचे दोन सेकंद सरकवून जमवता येतात. टेम्पोचं तसं नाही. साडेतीन मिनिटांचं गाणं ९६ वरून ९८ वर नेलं की ते चार सेकंदांहून जास्त आखूड होतं. पहिल्या ओळीला ओठ जुळतात आणि शेवटी गाणं संपल्यावरही गायक गातच राहतो.

झालंच असेल तर प्रत्येक लिपसिंक क्लिपचा वेग १०२.०८ टक्के करा (९८ भागिले ९६). स्थिर क्लोजअपमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही. कॅमेरा सरकत असेल तिथे मात्र दर पन्नासेक फ्रेमला बारीकसा झटका दिसू शकतो, तसे शॉट कमीच वापरा.

त्यापेक्षा शूटच्या आधी फाइल गोठवून टाका. ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल, नावात तारीख, आणि तीच सेटवरही आणि टाइमलाइनवरही. गाण्याआधी चार ठोक्यांची टिकटिक जोडा. गाणाऱ्याला कुठे उचलायचं ते कळतं आणि एडिटरला वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) चार टोकदार खुंट्या मिळतात. ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरंच’ या नावांच्या फाइली ग्रुपवर फिरायला लागल्या, तर शूट पुढे ढकललेलं बरं.

सरावाला सिनेमातलं गाजलेलं गाणं घेऊन वर्गात दाखवणं वेगळं. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की त्यांची कंटेंट आयडी ही यंत्रणा गाणं ओळखते, आणि व्हिडिओचं काय करायचं ते हक्कदार ठरवतो. लोकगीत घेतलं तरी चाल पारंपरिक असते, रेकॉर्डिंगवर हक्क कोणाचा तरी असतोच. ते स्वतः गाऊन घ्या.

लोकेशनं पाच, सकाळ एक

पांडवलेणी, गंगापूर धरण, सोमेश्वरचा धबधबा, गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) थोडंसं आणि शेवटी द्राक्षबागेत सूर्यास्त! नाशिकच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपची यादी अशीच असते आणि कागदावर ती एका दिवसात बसते. आता हिशोब करा. साडेतीन मिनिटांचा एक पूर्ण टेक घ्यायला, पुन्हा जागेवर यायला, केस-ओढणी नीट करायला आणि कॅमेरा हलवायला मिळून आठ-दहा मिनिटं जातात. सकाळचा चांगला उजेड दोन तास धरला तर डझनभर टेक, तेही सगळं सुरळीत झालं तर. नाशिकमध्ये ते सुरळीत होत नाही, कारण कोणीतरी ‘आधी मिसळ खाऊन घेऊ’ म्हणतं आणि तर्रीच्या दुसऱ्या वाटीपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. मिसळ शूटनंतर.

दोन जागा पुरतात. एका जागी ओठ हलवायचे, दुसऱ्या जागी गोष्ट घडवायची. दोन्हीकडे गाणं एकदा लांबून आणि एकदा जवळून अख्खं शूट करा. मग अंतऱ्याला काही नाहीच असं होत नाही.

‘जागेवर गेल्यावर सुचेल’ हे मात्र खरं नसतं. वहीच्या एका पानावर गाण्याचा तक्ता काढा: वेळ, ओळ, कोण, कुठे, काय दिसतंय. एक ओळ अशी दिसेल: ‘१:१२ ते १:३० – बासरी, शब्द नाहीत – मुलगी एकटी, पायऱ्या उतरते – पाय, हात, मागे वळून बघणं’. सगळी मेहनत मुखड्यावर होते आणि हे अठरा सेकंद उपाशी राहतात. एडिटिंगला सगळ्यात जास्त रिकाम्या जागा संगीताच्या तुकड्यांतच सापडतात, म्हणून तक्त्यात त्या ओळी लाल पेनने लिहा.

जागांबद्दल थोडं स्पष्टच बोलायला हवं. रामकुंडावर लोक अस्थिविसर्जनाला आणि श्राद्धाला येतात. तिथे स्पीकर लावून नाच बसवणं शोभत नाही, आणि मुंडण केलेला कोणाचा तरी मुलगा तुमच्या फ्रेमच्या मागे आला तर तो शॉट वापरायचा नाही, कितीही सुंदर असो. वरच्या किंवा खालच्या अंगाला घाट मोकळे असतात. सिंहस्थाच्या तोंडावर घाटांवर कामं निघतात, म्हणून आदल्या दिवशी जाऊन बघून या. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. ट्रायपॉड आणि शूटचा पसारा घेऊन जायचं तर आधी परवानगी, नाहीतर पायऱ्या चढून तशाच उतरायच्या. पायथ्याशी फाळके स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांचा १९१३ सालचा पहिला चित्रपट मूक होता, ओठ जुळवायची कटकट त्यांच्या वाट्याला तेव्हा नव्हती. द्राक्षबाग म्हणजे कोणाचं तरी शेत, आणि जानेवारी ते मार्च तोडणीचे दिवस. मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

ड्रोन शक्यतो नकोच. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच ऐकून लोक तो उडवतात. पण रेड झोनमध्ये तोही परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि आपल्याकडे देवळालीला लष्कर आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, ओझरला विमानांचा कारखाना. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा पाहूनच ठरवा.

फोन स्वतः ठरवतो, तिथे घात होतो

फोनचा ऑटो मोड फोटोला चांगला, गाण्याला वाईट. काळ्या पाषाणाच्या देवळासमोर गायिका उभी केली की फोनला वाटतं फ्रेम अंधारी आहे. तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. तिने भगवी ओढणी फिरवली की व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून फोन करतो तो हिशोब) ढळतो आणि त्याच शॉटमध्ये त्वचेचा रंग बदलतो. चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर-फोकस लॉक करा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सही एका आकड्यावर बांधा, आणि दोन फोन असतील तर दोन्हीवर तोच आकडा.

एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवणारा मोड) बंद ठेवा. चालू राहिलं तर फोनवर झकास दिसणारं फुटेज साध्या टाइमलाइनवर फिकट किंवा भडक दिसतं, आणि एडिटर उगाच रंगांशी झटापट करत बसतो.

घरात किंवा क्लासरूममध्ये पट्टे का फिरतात? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. फोनने शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/६० सेकंद घेतलं की त्याचा त्यांच्याशी मेळ बसत नाही. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधलं की पट्टे जातात, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) ३० असला तरी. १२० फ्रेमचं स्लो मोशन मात्र अशा उजेडात करूच नका. त्यात शटर १/१२० पेक्षा सावकाश होऊच शकत नाही. ते उन्हात करा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायची हौस सगळ्यांना असते. गाणं नेहमीच्या वेगात वाजवून ५० फ्रेममध्ये शूट करायचं आणि मग हळू करायचं, ही चूक ठरलेली. तसं केल्यास ओठही निम्म्या वेगाने हलणार. सेटवर गाणं दुप्पट वेगात वाजवा, त्या वेगात गाऊन घ्या आणि २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर क्लिप ५० टक्के करा. ओठ मूळ गाण्याला लागतात आणि केस-पदर तरंगतात. दुप्पट वेगात गाणं म्हणजे जिभेची कसरत आहे, म्हणून एखादीच ओळ निवडा.

आणि गाणाऱ्याला खरंच गायला सांगा, मोठ्याने. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा हलत नाहीत, श्वास दिसत नाही, आणि खोटेपणा दुसऱ्या ओळीतच पकडला जातो. बेसूर असला तरी चालेल, तो आवाज कोणी ऐकणार नाहीये. रात्री दहानंतर मात्र उघड्यावर स्पीकर लावायचा नाही.

ओठ जुळत नाहीत, तेव्हा आधी रोग ओळखा

इथे बहुतेक जण क्लिप एक-दोन फ्रेम मागे-पुढे ढकलत रात्र काढतात. त्याआधी चूक कुठल्या जातीची आहे ते बघा.

सुरुवातीला जुळतं आणि शेवटाकडे सुटत जातं? गाण्याची फाइल बदललीय, नाहीतर फोनने बदलता फ्रेमरेट वापरलाय. फोन सांगतो ३०, पण उजेड कमी झाला किंवा तो तापला की गुपचूप कमी-जास्त करतो. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लिपा स्थिर फ्रेमरेटमध्ये काढून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका. अर्धं एडिट झाल्यावर हे करायला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच चुकतंय, आणि तेही फक्त लांबच्या शॉटमध्ये? मग स्पीकर आणि कॅमेऱ्यातलं अंतर मोजा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. म्हणजे साधारण १४ मीटरला एक फ्रेम. घाटाच्या या पायऱ्यांवरून झूम करून समोरच्या काठावर गाणारीला टिपलं, स्पीकर तिच्यापाशी, मध्ये चाळीसेक मीटर पाणी. कॅमेऱ्यात गाणं तीन फ्रेम उशिरा पोचतं. सॉफ्टवेअरने कॅमेऱ्यातल्या आवाजाचा वेव्हफॉर्म मूळ फाइलशी अगदी अचूक जुळवला तरी ओठ तीन फ्रेम पुढे पळतात. अशा शॉटला वेव्हफॉर्मवर भरवसा ठेवू नका. ‘प’, ‘ब’, ‘म’ कुठे येतात ते शोधा, तिथे ओठ मिटतात, आणि त्या फ्रेमवर क्लिप बसवा.

तुमच्याकडे चुकतंय आणि मित्राच्या लॅपटॉपवर बरोबर? ब्लूटूथचे इअरफोन काढा. त्यांत आवाज थोडा उशिरा येतो, आणि त्यावर विसंबून एडिट केलं तर जुळलेलं सगळं तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवता. वायरचा हेडफोन लावा. सेटवर ब्लूटूथ स्पीकर चालतो, कारण गाणारी आणि कॅमेरा दोघंही तोच उशिराचा आवाज ऐकतात.

कटांची घाई

मिनिटाला १०० बीट्सच्या गाण्यात २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा येतो. हे कळलं की हात शिवशिवतात आणि प्रत्येक पंधराव्या फ्रेमला कट पडतो. दहा सेकंदांत बघणाऱ्याला पुढचा कट आधीच कळू लागतो. मुखड्याची पहिली ओळ एकाच शॉटमध्ये सोडून बघा. कट ठोक्यावर मारण्याऐवजी नजर वळते किंवा हात उठतो तिथे मारा. झूम, झगमग आणि ग्लिच इफेक्ट हे बहुतेक वेळा फुटेज कमी पडल्याची कबुली असते. वहीतला तो तक्ता इथे कामाला येतो.

लॅपटॉप अडखळत असेल तर फोर-केचा हट्ट सोडा किंवा प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवा. फोर-केचं एक मिनिट फोनवर १७० ते ३५० एमबी खातं, आणि बारा पूर्ण टेक म्हणजे चाळीसेक मिनिटं. शूट संपल्या दिवशी फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी टाकल्याशिवाय फोन रिकामा करू नका.

शेवटची फाइल सरांना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती पिळून निघते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १०८० पी साठी ८ ते १० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) पुरतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, तो आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. सबमिशनच्या आदल्या दिवशी वर्गातल्या प्रोजेक्टरवर गाणं एकदा पूर्ण वाजवून घ्या. रात्रीचे शॉट तिथे अंधारात बुडतात, ते उजळायला एक संध्याकाळ हाताशी हवी.