एखादी थिअरी त्याच देशात का जन्मली हे कसं शोधायचं

अशा विषयावर लिहायला बसलं की आपण आधी शास्त्रज्ञाच्या चरित्रात शिरतो, जन्म कुठला, शाळा कुठली, किती हुशार. ते नंतर. आधी हे बघा की थिअरी ज्या आकड्यांवर उभी आहे ते मोजले कोणी आणि त्या मोजणीला पैसा कोणी दिला.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ प्लांकचंच घ्या. क्वांटमची, म्हणजे ऊर्जा सुट्या तुकड्यांत येते या कल्पनेची, सुरुवात बर्लिनमध्येच का? १८७१ ला जर्मनी एक झाला, कारखानदारी जोरात, आणि अचूक मोजमापाशिवाय उद्योग पुढे जाणार नाही हे उद्योगपती वेर्नर फॉन सीमेन्सचं ठाम मत, मग त्याने जमीन दिली आणि १८८७ ला बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्गला सरकारी मापनसंस्था उभी राहिली, भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ पहिला अध्यक्ष. तिथे एक अगदी व्यवहारातला प्रश्न होता, दिव्याचा उजेड मोजायचा तर कशाशी ताडून? त्यासाठी पक्कं प्रमाण हवं, म्हणून तापवलेली बंद पोकळी, तिला बारीक भोक, आणि त्यातून येणाऱ्या किरणांची मोजणी. कुठल्या तरंगलांबीला किती किरण येतात हे सांगणारं विनचं सूत्र तेव्हा प्रचलित होतं, ते लांब तरंगलांबीला चुकतंय हे तिथेच दिसलं. ७ ऑक्टोबर १९००, रविवार, ही मोजणी करणारा रुबेन्स प्लांककडे घरी गेला आणि बोलता बोलता नवे आकडे सांगितले, त्याच संध्याकाळी प्लांकने नवं सूत्र बसवलं! मला ही भेट फार महत्त्वाची वाटते, कारण ती व्हायला दोघं एकाच शहरात असावे लागतात.

आता दुसऱ्या देशाशी ताडून बघा, ही पायरी लोक हमखास गाळतात. इंग्लंडमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने त्याच वर्षी जूनमध्ये याच किरणांसाठी सूत्र मांडलं होतं, लांब तरंगलांबीला ते बरोबरही होतं, पण तिकडची मापनसंस्था, नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी, हीच मुळात १९०० ची, म्हणजे बर्लिनसारखी मोजणी तिकडे हाताशी नव्हती.

शेवटी जे देशाच्या खात्यात जात नाही ते वेगळं काढा. अशा पोकळीतून कुठल्या तापमानाला कुठले किरण किती येतात, हा मूळ प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ किर्खोफने १८५९ लाच मांडलेला, तेव्हा एकसंध जर्मनी नव्हताच. १४ डिसेंबर १९०० ला नव्या सूत्राचं कारण मांडताना ऊर्जेचे तुकडे मोजायला प्लांकने वापरलेली पद्धत बोल्ट्झमानची, म्हणजे ऑस्ट्रियन माणसाची. आणि ऊर्जा तुकड्यांत येते असं दिव्याच्या कुठल्याही कारखानदाराने मागितलं नव्हतं. त्यामुळे ‘जर्मनीमुळे क्वांटम आला’ असं लिहू नका, कुठल्या मोजणीमुळे कुठलं सूत्र निघालं तेवढंच नेमकं लिहा.