उबुंटूची कच्ची आवृत्ती घरी कशी तपासावी

‘दऱ्याखोऱ्यांतल्या शेतकऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शंभर तऱ्हांची लाल लोणची घातली.’

हे वाक्य मी वर्षातून दोनदा टाइप करतो, एकदा मार्चअखेरीला आणि एकदा सप्टेंबरात. ॲल्युमिनियमच्या भांड्यात लोणचं कोणी घालत नाही, हे आईने स्क्रीनवर नजर टाकताच मला ऐकवलं होतं. तिचं बरोबर आहे, पण या वाक्याचं काम वेगळं आहे. त्यात ऱ्य आहे, ऱ्ह आहे, ॲ आहे आणि मराठी वळणाने लिहायचे ल आणि श आहेत. नवी ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यांच्या हातात पडण्याआधी तिच्यात मराठी धड उमटते का, एवढं पाहायला हे एक वाक्य पुरतं.

ही तपासणी तुम्हालाही करता येते. त्यासाठी प्रोग्रामर असावं लागत नाही. बऱ्यापैकी संगणक, सहा-सात जीबी डेटा आणि एखादी निवांत रविवार दुपार लागते. उदाहरण उबुंटू या लिनक्सवर चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचं घेतो, कारण तिचं वेळापत्रक घड्याळासारखं आहे आणि कच्च्या आवृत्त्या कोणालाही फुकट मिळतात.

आधी वेळापत्रक

उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ४.१०. आधी वर्ष, मग महिना. तेव्हापासून दर एप्रिल आणि ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते. फक्त २००६ साली एप्रिलची गाडी जूनवर गेली आणि ६.०६ असा आकडा पडला. सम वर्षांतल्या एप्रिलची आवृत्ती दीर्घ मुदतीची असते. तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, बाकीच्यांना नऊ महिने.

अंतिम तारखेच्या साधारण तीन आठवडे आधी बीटा, म्हणजे लोकांनी तपासावी म्हणून दिलेली जवळपास पुरी आवृत्ती, निघते. त्याच्याही आधी, सगळा सहा महिन्यांचा काळ, रोजच्या रोज एक नवी प्रतिमा तयार होत असते. ‘प्रतिमा’ म्हणजे आयएसओ फाइल, अख्खी सिस्टिम एका फाइलीत. पहिल्यांदाच करत असाल तर बीटा घ्या. रोजची प्रतिमा म्हणजे कढईतून थेट ताटात. कधी फक्कड, कधी तोंड भाजणारी.

पायरी १: कामाच्या मशीनला हात लावू नका

हे वाक्य सगळेच लिहितात आणि कोणीच पाळत नाही, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) २.६.२७ च्या कच्च्या आवृत्त्यांत एक दोष होता. त्याने इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांच्या आतली कायमस्वरूपी मेमरीच खराब केली. उबुंटू ८.१० ची अल्फा (बीटाच्याही आधीची आवृत्ती) वापरणाऱ्यांनाही त्याचा धोका होता. सिस्टिम पुसून पुन्हा टाकली तरी कार्ड सुधारत नव्हतं. दोषाचं मूळ कर्नलच्या दुसऱ्याच एका भागात, फंक्शनांचा माग काढणाऱ्या यंत्रणेत, निघालं. असं क्वचित होतं. पण कच्च्या सॉफ्टवेअरमुळे फार तर फायली जातील, हा समज तेव्हापासून माझ्यापुरता संपला.

माझं स्वतःचं प्रकरण इतकं थोर नव्हतं. घरात एकच लॅपटॉप, त्यावर एक कच्ची आवृत्ती (कुठली ते सोडा), आणि सकाळच्या अपडेटनंतर वायफाय गायब. उपाय इंटरनेटवर होता आणि इंटरनेट उपायात अडकलेलं. दुपारी द्यायचं भाषांतर शेजाऱ्यांच्या मुलाच्या संगणकावर बसून, त्याचा क्रिकेटचा गेम बंद करायला लावून, पुरं केलं. चूक सर्वस्वी माझी.

म्हणून व्हर्च्युअल मशीन वापरा. संगणकाच्या आत चालणारा हा नकली संगणक. तो बिघडला तर फाइल पुसायची आणि नवा बनवायचा. ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे आणि विंडोजवर सरळ चालतं. तुमच्या मशीनमध्ये किमान ८ जीबी रॅम हवी. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू असं गेलात की ‘व्हर्च्युअलायझेशन’ पुढे ‘एनेबल्ड’ लिहिलेलं दिसायला हवं. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगांत, जाऊन ते सुरू करावं लागतं. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव बहुधा व्हीटी-एक्स असतं, एएमडीच्या मशीनवर एसव्हीएम.

पायरी २: फाइल उतरवा आणि ताडून पाहा

बीटा उबुंटूच्या रिलीजेस साइटवर मिळते, रोजची प्रतिमा सीडीइमेज साइटवर ‘डेली-लाइव्ह’ फोल्डरमध्ये. तिथे ‘पेंडिंग’ आणि ‘करंट’ असे दोन उपफोल्डर असतात. पेंडिंगमध्ये सगळ्यात ताजी प्रतिमा, न तपासलेली. करंटमध्ये प्राथमिक स्वयंचलित चाचण्या पास झालेली. करंट घ्या. दोन दिवसांच्या ताजेपणासाठी सबंध दुपार घालवण्यात अर्थ नाही.

आयएसओच्या शेजारीच शा२५६सम्स नावाची छोटी फाइल असते. तिच्यात प्रत्येक प्रतिमेची ६४ अक्षरी खूण दिलेली असते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, मग उणे चिन्ह जोडून हॅशफाइल, मग आयएसओचं नाव आणि शेवटी शा२५६ अशी आज्ञा दिली, की तुमच्याकडच्या फाइलीची खूण समोर येते. (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, इथे मी उच्चार देतोय.) पहिली आणि शेवटची सहा-सहा अक्षरं जुळली तर डाउनलोड धड झालाय असं मानायला हरकत नाही. हे टाळलंत आणि इन्स्टॉलर मध्येच अडकला, तर दोष सिस्टिमचा की तुमच्या नेटचा हे कळायला मार्ग उरत नाही.

पायरी ३: मशीन उभं करा

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’ दाबा आणि आयएसओ दाखवा. आपोआप इन्स्टॉल करण्याचा पर्याय दिसेल, तो बंद ठेवा. इन्स्टॉलर तपासणं हाही चाचणीचाच भाग आहे. रॅम ४ जीबी, प्रोसेसर दोन, डिस्क २५ जीबी. डिस्क जेवढी भरेल तेवढीच जागा खाते, तेव्हा आकडा बघून दचकू नका.

पुढे इन्स्टॉलर विचारतो, ‘डिस्क पूर्ण पुसून इन्स्टॉल करू का?’ इथे पुष्कळांचा हात थबकतो. खिडकीच्या आत आहात तोवर खुशाल हो म्हणा. ती डिस्क म्हणजे तुमच्या विंडोजवरची एक फाइल आहे. माउस आत अडकला तर उजवीकडचं कंट्रोल दाबलं की सुटतो.

सिस्टिम सुरू झाली की दुसरं काहीही करण्याआधी स्नॅपशॉट घ्या. म्हणजे मशीनची त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद. पुढे काहीही मोडलं तरी दोन मिनिटांत इथे परतता येतं.

पायरी ४: अपडेट, पण वाचून

कच्च्या आवृत्तीत रोज शेकडो पॅकेजं, म्हणजे सिस्टिमचे सुटे भाग, बदलू शकतात. टर्मिनलमध्ये (उबुंटूची आज्ञा टाइप करायची खिडकी) सुडो एपीटी अपडेट आणि मग सुडो एपीटी फुल-अपग्रेड द्या, पण ‘वाय’ दाबण्याआधी थांबा. काय नवं येणार, काय बदलणार आणि काय काढून टाकलं जाणार, याची यादी समोर येते. नजर काढून टाकायच्या यादीवर ठेवा. जुन्या कर्नलचे तुकडे जात असतील तर जाऊ द्या. तिथे उबुंटू-डेस्कटॉप किंवा नोम-शेल ही डेस्कटॉप उभी करणारी पॅकेजं दिसली, तर ‘एन’ दाबून खिडकी बंद करा. बहुतेक वेळा एका पॅकेजची नवी आवृत्ती आलेली असते आणि तिच्यावर अवलंबून असलेली बाकीची अजून वाटेत असतात. दुसऱ्या दिवशी तेच अपडेट गुपचूप पार पडतं. सवयीने ‘वाय’ दाबणाऱ्यांना मात्र काळ्या स्क्रीनवर लॉगिनची एक ओळ दिसते आणि मग स्नॅपशॉटची आठवण येते.

पायरी ५: मराठी तपासा

बाकी जगाने न तपासलेली गोष्ट ही. विंडो उघडतात का, आवाज येतो का, हे हजारो लोक पाहतातच. शेतकऱ्यातला ऱ्य मोडला तर ते कळणार फक्त मराठी लिहिणाऱ्याला. नेपाळी आणि कोकणी लिहिणारेही ऱ वापरतात, पण हिंदीवाल्याच्या नजरेला तो पडणारच नाही. त्याच्या लिखाणात तो येतच नाही.

सेटिंग्जमध्ये कीबोर्ड विभागात जाऊन अधिकच्या चिन्हावर दाबा आणि मराठी शोधा. इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक असे पर्याय दिसतील. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. आता टेक्स्ट एडिटर उघडून लोणच्याचं वाक्य टाइप करा.

इनस्क्रिप्टवर ऱ म्हणजे शिफ्ट धरून जे, हलन्त म्हणजे डी, आणि य म्हणजे तिरक्या रेघेची कळ. तीन कळा दाबल्यावर य च्या डोक्यावर रफार चढला तर चूक. डावीकडे आडवी, पापणीसारखी रेघ यायला हवी. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ एकाखाली एक लिहून बघा. एक गुरुकुलात बसतो, दुसरा लग्नाच्या स्वयंपाकघरात, आणि दोघांत फरक फक्त त्या रेघेचा. मग ॲ पाहा. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ला अर्धचंद्र जोडून काम भागवत आणि अजूनही जुन्या कळफलकांवर तसंच करतात. दोन्ही प्रकारे टाइप करा. ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर फॉन्टला किंवा अक्षरं जुळवणाऱ्या यंत्रणेला ती जोडणी मान्य नाही.

ल आणि श बघायला थोडं जास्त कष्ट आहेत. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्हींची मराठी आणि हिंदी अशी वेगळी वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे ॲपला कळलं, तरच मराठी वळण उमटतं. लिब्रे ऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी करा, मग हिंदी करा, आणि अक्षर मोठं करून पाहा.

आता बॅकस्पेस. ‘ऱ्यां’ लिहून एकदाच दाबा. फक्त अनुस्वार गेला, की सगळं जोडाक्षर? कर्सर पुढे-मागे उडतो का? मजकूर पीडीएफमध्ये काढा, तिथून कॉपी करून पुन्हा एडिटरमध्ये चिकटवा. फाइलीला मराठी नाव द्या आणि ती शोधून पाहा. मी एकदा एका कच्च्या प्रणालीत (नाव नको) हे केलं, तर टेक्स्ट एडिटरमध्ये सगळं झकास आणि त्याच शब्दाची फोल्डरमधली पाटी तुटलेली. तोवर मला वाटत होतं, एका ठिकाणी नीट दिसलं की झालं.

पायरी ६: खऱ्या लॅपटॉपवर, पण पेनड्राइव्हवरून

वायफाय, टचपॅड, झोपवून उठवणं, ब्राइटनेसच्या कळा, प्रोजेक्टर हे नकली संगणकात कळत नाही. त्यासाठी रूफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रामने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीच आयएसओ चढवा आणि त्यावरून मशीन सुरू करा. इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ निवडलंत तर तुमच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. ‘डिस्क पुसा’ला इथे मात्र हो म्हणू नका. आता ती डिस्क खरी आहे.

एक सावधगिरी. नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क पुष्कळदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे चाळवलंत, तर परतल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट बंद करायची सहसा गरजही पडत नाही.

पायरी ७: जे दिसलं ते कळवा

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं, की एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवलाय. तो काही चोर शोधायला बसला नव्हता. डेबियन या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या कच्च्या आवृत्तीवर एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं, इतकंच. उबुंटू २४.०४ ची बीटा ४ एप्रिलला यायची होती. संशयित काळातली पॅकेजं पुन्हा बांधायला लागली आणि ती ११ एप्रिलला आली. २५ एप्रिलला आलेल्या अंतिम आवृत्तीत तो चोरदरवाजा नव्हता.

तेव्हा ‘माझंच काहीतरी चुकत असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आधी लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूच्या तक्रारी नोंदवायच्या साइटवर, खातं उघडा. मग टर्मिनलमध्ये उबुंटू-बग लिहून पुढे पॅकेजचं नाव द्या. मशीनची माहिती आपोआप जोडली जाते. शीर्षक ‘मराठी चालत नाही’ असं देऊ नका. ‘इनस्क्रिप्टवर ऱ, हलन्त, य टाइप केल्यावर फाइल मॅनेजरमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं’ असं द्या, इंग्रजीत. खाली तीनच गोष्टी लिहा: काय केलंत, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. आणि दोन चित्रं जोडा, एक चुकलेल्याचं आणि एक बरोबरचं. वाचणारा तैपेईत किंवा लंडनमध्ये बसलेला असू शकतो, त्याला दऱ्या आणि दर्या यांतला फरक चित्राशिवाय कळायचा नाही.

तीच तक्रार आधी कोणी केली असेल तर नवी टाकू नका, ‘मलाही हा त्रास होतो’ यावर दाबा. दुसऱ्या माणसाने दाबलं की तक्रारीची स्थिती ‘न्यू’वरून ‘कन्फर्म्ड’वर सरकते. मात्र धीर ठेवा. लाँचपॅडवरची तक्रार क्रमांक १ उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली स्वतः नोंदवली होती: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा बहुमताचा आहे. ती बंद झाली २०१३ मध्ये.

अंतिम आवृत्ती आली की पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. रोजची अपडेट घेत राहिलात तर बीटाची अंतिम आवृत्ती तिथल्या तिथेच होते. मी त्या दिवशी लोणच्याचं वाक्य एकदा शेवटचं टाइप करतो, मशीन पुसून जागा मोकळी करतो, आणि पुढच्या आवृत्तीला कुठल्या प्राण्याचं नाव दिलंय ते बघतो.