परसबागेतील फुलपाखरे खरोखर घटली का? नोंद ठेवताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये बागेत भिरभिरणारी फुलपाखरे मे महिन्यात दिसेनाशी झाली, की ती घटली असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत त्यांची संख्या भरात असते आणि कडक उन्हाळ्यात ती ओसरते. त्यामुळे यंदाच्या ऑक्टोबरची तुलना गेल्या ऑक्टोबरशीच करावी. तीही एका वर्षावर थांबवू नये, कारण पाऊस लांबला तरी आकडे बदलतात.

मोजणीची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. फुलपाखराला उडण्यासाठी उन्हाने अंग तापवावे लागते. म्हणून ढगाळ सकाळी सात वाजता केलेली मोजणी निरभ्र सकाळी दहाच्या मोजणीशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. ठरावीक वार, ठरावीक जागा, पंधरा मिनिटे आणि हवामानाची एक ओळ, एवढी शिस्त पुरते. एकच फुलपाखरू घाणेरीवर पुन्हा पुन्हा येऊन बसते, तेव्हा एका जातीची एकाच वेळी जास्तीत जास्त जितकी दिसली, तोच आकडा लिहावा. काहीच दिसले नाही, तर शून्य लिहिण्याचा कंटाळा करू नये, अन्यथा घट वहीत उमटतच नाही.

ओळखण्यातही गल्लत होते. कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या काही माद्या कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांसारख्या दिसतात. मात्र रोझचे अंग लाल असते, मॉरमॉनचे काळे.

संख्या खरोखरच रोडावली असेल, तर फुलांआधी पाने तपासावीत. मकरंदाची फुले लावून बाग सजते, परंतु अळीला तिचीच खाद्यवनस्पती लागते: कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता किंवा लिंबू, प्लेन टायगरला रुई, कॉमन क्रोला कण्हेर. कढीपत्त्यावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते म्हणून झटकली जाते, आणि वाढून हिरवी झाली की कीड ठरवून तिच्यावर फवारणी होते. (फोडणीपुरती पाने खुडायला हरकत नाही, संपूर्ण झाड छाटू नये आणि खुडण्यापूर्वी पानांच्या दोन्ही बाजू पाहाव्यात.) अंड्यापासून फुलपाखरू होण्यास साधारण महिना लागत असल्याने आजच्या घटीचे कारण बरेचदा महिनाभरापूर्वीच्या फवारणीत किंवा छाटणीत सापडते, त्या तारखाही त्याच वहीत लिहून ठेवाव्यात. रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या रोपात आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे, कीटकनाशक असू शकते, हेही विचारून घ्यावे.