रास्पबेरी पायला एनर्जी मीटर जोडताना: आधी व्होल्टेज मोजा, मग वायर लावा

रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या सिरीयल पिना (माहिती पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) ३.३ व्होल्टच्या. ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. जुन्या वजनकाट्याचं नऊ पिनांचं आरएस-२३२ पोर्ट तर काही पाठवत नसतानाही उणे व्होल्टेजवर असतं, म्हणून ते थेट लावलं की पिन गेलीच. मल्टिमीटरची काळी प्रोब ग्राउंडला, लाल समोरच्या उपकरणाच्या टीएक्सला (पाठवणारी पिन) लावा. ३.३ आलं तर थेट जोडा, ५ आलं तर मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारी पट्टी), उणे आलं तर मॅक्स३२३२ ही आरएस-२३२ साठीची चिप.

पायवर ८ नंबरची पिन टीएक्स, १० नंबरची आरएक्स (घेणारी), ६ ग्राउंड. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. ग्राउंड विसरलात तर मधूनच कचरा अक्षरं येतात आणि दोष उगाच बॉड रेटला (माहिती पाठवण्याच्या वेगाला) लागतो.

रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या कमांडमध्ये सिरीयल पोर्टला जा: लॉगिन शेल ‘नो’, हार्डवेअर ‘येस’. मग फक्त ८ आणि १० या पिना जंपरने जोडा, मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. टाइप केलेलं परत दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत मीटरला हात लावू नका.

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीच्या पॅनेलमध्ये भेटणारे मॉडबस (मीटर वाचायची भाषा) मीटर सहसा आरएस-४८५ चे, म्हणजे ए आणि बी या दोन तारांवर बोलणारे; त्यांना मध्ये मॉड्यूल लागतं. नागपूरच्या बर्डी बाजारात मॉड्यूल घेताना चिपवरचा नंबर वाचा: मॅक्स४८५ ही ५ व्होल्टची, तिची आरओ पिन (पायच्या आरएक्सला जाणारी) पायला मारू शकते. ३.३ व्होल्टची मॅक्स३४८५ घ्या.

इथे बरेच जण पॅरिटीवर (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) अडकतात. मीटर ‘इव्हन पॅरिटी’वर असेल तर पाय ४ चं मूळ मिनी यूएआरटी (सिरीयल पिना चालवणारा भाग) चालणारच नाही, त्याला पॅरिटी येतच नाही. कॉन्फिग फाइलमध्ये (config.txt) डीटीओव्हरले=डिसेबल-बीटी (dtoverlay=disable-bt) लिहून रीबूट करा. ब्लूटूथ जातं, पण पूर्ण क्षमतेचं यूएआरटी पिनांवर येतं.

केबल पिळाची आणि शिल्डवाली घ्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. मीटर एकामागून एक साखळीत जोडा, फांद्या नकोत. दोन्ही टोकांना ए-बी मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लावा. सगळं बंद करून ए-बी मध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर राहिलाय. उत्तरच येत नसेल तर ए-बी अदलाबदल करून पाहा. त्याने काही जळत नाही, आणि ही नावं प्रत्येक कंपनी सारखी लावत नाही.

शेडबाहेरून केबल नेत असाल तर आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं) मॉड्यूलच घ्या. जूनच्या विजा लांब वायरीतूनच आत येतात. आणि मे महिन्यात पत्र्याच्या पॅनेलमध्ये रास्पबेरी पाय ठेवू नका: ८० अंशांच्या आसपास तो आपणहून वेग कमी करतो.