संजय गांधी निराधारचे पैसे अडकलेत? या चुका टाळा

माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे आणि त्याचं सगळं आई बघते, आंघोळ, जेवण, गोळ्या, रात्री दोनदा उठणं, सगळंच. त्याच्या संजय गांधी निराधार योजनेच्या (निराधार, विधवा, दिव्यांग यांना दर महिन्याला मिळणारं सरकारी अनुदान) फाईलपायी मी तहसीलच्या इतक्या चकरा मारल्यात की आता शेजारपाजारचे पण पासबुक घेऊन येतात, ताई आमचे का थांबले बघ ना. बघायला बसलं की बहुतेक वेळा माणूस अपात्र नसतोच, एक कागद दुसऱ्याशी जुळत नसतो एवढंच.

सगळ्यात जास्त घोळ बँकेचा. "खात्याला आधार लिंक आहे हो" असं सगळे छातीठोकपणे सांगतात, पण लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यायला, सीडिंग (पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची आधारशी जोडलेली नोंद) असणं वेगळं. डीबीटीचे पैसे आधार नंबर बघून येतात आणि एका वेळी एकच बँक सीड असते, जी शेवटी केली ती. मग होतं काय, गल्लीत कुणीतरी टेबल टाकून बसतो, झिरो बॅलन्स खातं पाच मिनिटात उघडून देतो, अंगठा घेतो, फॉर्मवर कुठेतरी टिक असते ती आपण वाचत नाही, आणि सीडिंग गेलं नव्या बँकेत. आपण इकडे जुन्या पासबुकावर एंट्री मारत बसतो. आमच्याकडे हेच झालं, आई चार महिने म्हणत होती सरकारने बंद केलं, आणि पैसे दुसऱ्या खात्यात गुपचूप जमा होत होते! मायआधार या आधारच्या सरकारी साईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे बँकेचं नाव येतं. तेच नाव पासबुकावर आहे का एवढं बघायचं. नसेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन सीडिंगचा फॉर्म भरायचा, तहसीलमध्ये भांडून काही होत नाही, त्यांच्या हातात ते नसतं.

लॉगिनला ओटीपी लागतो आणि तो सेवा केंद्रवाल्याच्या मोबाईलवर जात असेल तर अवघड आहे. आधारचा फॉर्म भरताना "नंबर टाकतो माझाच, तुम्हाला कुठे त्रास" असं म्हणतात, नाही म्हणा. घरातल्या ज्या माणसाचा नंबर बदलणार नाही त्याचा द्या.

आता उत्पन्नाचा दाखला. मर्यादा कुटुंबाची वर्षाला २१,००० आहे, दिव्यांगासाठी ५०,०००. म्हणजे २१,००० ला बाराने भागलं तर महिन्याला १,७५०, एवढ्यात घर कसं चालतं ते ठरवणाऱ्यालाच माहीत, पण नियम तो आहे. लोक काय करतात, मुलाच्या शाळेच्या सवलतीसाठी काढलेला ऐंशी हजारांचा दाखला घरात असतो तोच झेरॉक्स करून जोडतात, अर्ज तिथेच बाद. मग कुणीतरी एजंट गाठून खोटा दाखला काढायचा नाद करू नका, पडताळणीत सापडला तर वसुली लागते. मात्र मुलगा लग्न होऊन खरंच वेगळा राहतोय, चूल वेगळी आहे, आणि त्याचं नाव अजून आईच्या रेशनकार्डावर आहे, असं असेल तर आधी रेशनकार्ड वेगळं करून घ्या, दाखला नंतर. उलट्या क्रमाने गेलात की दोन्ही परत करावं लागतं.

वयाचं लवकर सांगते: ६५ च्या आत संजय गांधी, ६५ च्या पुढे श्रावणबाळ ही म्हाताऱ्या माणसांची योजना, आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो.

"पैसे कमी आले" ही दुसरी मोठी तक्रार. जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० आहेत. पण दारिद्र्यरेषेखालच्या काही विधवा आणि दिव्यांग लाभार्थ्यांना त्यातले ३०० केंद्राच्या योजनेतून येतात आणि उरलेले राज्याकडून, एका दिवशी येतीलच असं नाही, त्यामुळे मागची पुढची एंट्री बघितल्याशिवाय आरडाओरडा करू नका. दिव्यांगांचं अनुदान सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हजाराने वाढवलं, आता २,५०० झालं. इथे गंमत अशी की एखादी बाई विधवा पण आहे आणि दिव्यांग पण, आणि फाईलवर प्रकार "विधवा" लिहिलाय, मग तिचे १,५०० च राहतात. तुमच्या फाईलवर काय लिहिलंय ते विचारा आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रत देऊन बदलायचा अर्ज करा. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे, आमच्या भावाच्या कार्डावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी होतं, त्यात दोन महिने गेले. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त लागतं, आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर शेवटची तारीख असते, ती उलटून गेल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

लाडकी बहीणचं पण बोलूनच टाकते. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण लागू होत नाही. २०२४ मध्ये सगळ्यांनी गर्दीत फॉर्म भरले, निराधारवाल्यांनी पण, आणि मग नावं कटली. एक घ्या, दुसऱ्याच्या मागे लागू नका.

आता जे मला सगळ्यात जास्त विचारतात, की सांभाळणाऱ्या बाईला काय मिळतं? संजय गांधीमध्ये तिच्या नावाने काहीच नाही, आणि म्हणून "मी घरी बसून सासूचं करते" असा अर्ज स्वतःच्या नावाने करणं ही चूकच. अर्ज आजारी किंवा दिव्यांग माणसाच्या नावाने करायचा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जास्त मदत लागणाऱ्या व्यक्तींसाठी केअरगिव्हर म्हणजे सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे, केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना सांभाळणाऱ्यांसाठीच आहे. आईने सव्वीस वर्षं हे काम केलं, फुकट, एक दिवस सुट्टी न घेता, त्याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

पण मिळू शकतं ते लोक सोडून देतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुदिव्यांगत्व असेल तर निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण त्यात बसतो, फक्त वेळेत रिन्यू करायला विसरतात. बाल संगोपन योजना फक्त अनाथांची असं समजतात, तसं नाही, एकच पालक असलेल्या किंवा आईबाप गंभीर आजारी असलेल्या मुलालाही महिन्याला २,२५० मिळू शकतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकासकडे. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० असतात, दुःखात कुणाला आठवत नाही, आणि नंतर उशीर होतो.

ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व वगैरे वर सांगितलेल्या चार प्रकारातलं मूल १८ वर्षांचं झालं की अजून एक खड्डा. कायद्याने ते सज्ञान, आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, बँक सही मागते. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक समिती असते, तिच्याकडून कायदेशीर पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. सतरावं लागलं की कागद गोळा करायला घ्या, आम्ही एकोणिसाव्या वर्षी जागे झालो आणि खातं तोवर अडकून पडलं.

हयातीचा दाखला दर वर्षीचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून नेऊ नका, आधी तलाठ्याला भेटून घरी येऊन बघून जायची विनंती लेखी द्या. म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, आधार अपडेट घरी येऊन करायची सोय आहे, फी लागते, आधारच्या १९४७ या हेल्पलाईनला फोन करून विचारा. आणि जे काही द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. तोंडी "दिलाय की साहेब" याला काडीची किंमत नाही, माझ्या भावाची फाईल दोनदा हरवली, दोन्ही वेळा शिक्का मारलेली प्रत दाखवली म्हणून परत सुरू झाली.